स्वस्त, वेगवान आणि एकाच सीटची

माझ्या लॅपटॉपवर ‘गाडी फायनल ३’ नावाची एक एक्सेल शीट आहे. ‘फायनल १’ आणि ‘फायनल २’चं काय झालं ते विचारू नका.

शीटमध्ये दोन रकाने आहेत. पहिल्यात बाहेरच्या देशातून आलेली एक जुनी सिंगल सीटर रेस कार. मागेपुढे विंग, रुंद स्लिक टायर, गेली काही वर्षं एका गोडाउनमध्ये ताडपत्रीखाली उभी. दुसऱ्यात एलजीबी फॉर्म्युला ४ ची एक सीट, म्हणजे एका संघाकडून सीझनभरासाठी भाड्याने घ्यायची गाडी. तिच्यात मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन असतं. दोन्ही रकान्यांची शेवटची बेरीज जवळपास सारखी येते. पहिली गाडी मात्र दुसरीपेक्षा कितीतरी जलद आहे.

पैसे माझे आणि माझ्या कॉलेजच्या मित्राचे. तो मेकॅनिकलचा, चाकणला नोकरीला. मी कोड लिहितो, हिंजवडीत. चालवणार मी, कारण टॉस मी जिंकलो. तीन वर्षं आम्ही वीकेंडला कार्टिंग केलं, आता त्यापुढचं काहीतरी हवं होतं. मित्राचं मत स्पष्ट होतं: तेवढ्याच पैशांत जास्त वेगवान गाडी मिळत असेल तर कमी वेगवान का घ्यायची? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही चार महिने व्हॉट्सॲपवर भांडलो. शेवटी मी भांडण सोडलं आणि वाचायला बसलो. हाच प्रश्न आपल्याआधी कुणाकुणाला पडला होता आणि त्यांनी काय केलं, एवढंच मला पाहायचं होतं.

आधी सिंगल सीटर म्हणजे काय ते सांगतो. जिच्यात फक्त ड्रायव्हरपुरती जागा असते, चाकं बॉडीच्या बाहेर उघडी असतात, आणि जी रस्त्यावर नेली तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट घासून अडकेल, ती. टीव्हीवर दिसणारी फॉर्म्युला वन ही याच कुळातली सगळ्यात खर्चिक बहीण.

ती जलद असते ती फक्त मोठ्या इंजिनामुळे नव्हे. बरंच काम वजन करतं. जुन्या मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो आणि ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आत. म्हणजे टनामागे साठेक हॉर्सपॉवर. आता फॉर्म्युला फोर्ड नावाची एक साधी रेस कार घ्या. इंजिन एका फॅमिली कारचं, ताकद शंभरच्या थोडी वर, पण गाडीचं वजन ४०० किलोच्या आसपास. टनामागे अडीचशे. दारं नाहीत, काचा नाहीत, मागची सीट नाही, एसी तर नाहीच. जे नाही त्यानेच वेग येतो. म्हणून साध्या इंजिनावरही सिंगल सीटर भल्याभल्या महागड्या गाड्यांना वळणावर मागे टाकते.

हे गणित फार पूर्वी, पेट्रोल रेशनवर मिळत असताना, काही लोकांनी मांडलं होतं.

ब्रिस्टलचे शनिवार-रविवारवाले

१९४५ मध्ये युद्ध संपलं, पण इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग १९५० पर्यंत चाललं. युद्धाआधीची तिथली मोठी रेसिंग म्हणजे सुपरचार्जर लावलेल्या दांडग्या गाड्या. त्या बाळगायच्या तर वडिलोपार्जित इस्टेट हवी. ब्रूकलँड्सचा प्रसिद्ध ट्रॅक युद्धकाळात विमानांच्या कामाला लागला आणि रेसिंगसाठी पुन्हा कधी उघडलाच नाही. गाड्या नाहीत, ट्रॅक नाही, पेट्रोल नाही.

ब्रिस्टल शहरात काही हौशी मंडळी होती. त्यातले बरेच जण विमानाच्या कारखान्यात नोकरी करत. डिक सीझर हा त्यांच्यातला बिनीचा माणूस. ‘आपल्याला परवडेल अशी रेस कार कशी असेल?’ हा त्यांचा प्रश्न, आणि त्यांनी उत्तर दिलं ते एका नियमाच्या रूपात: इंजिन ५०० सीसीच्या आत, सुपरचार्जर नाही.

५०० च का? कारण मोटरसायकलींची इंजिनं त्या मापाची होती आणि ती सहज मिळत. इंधन म्हणून ही मंडळी मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल वापरत, त्यामुळे रेशनचाही अडथळा कमी झाला. ट्रॅकचा प्रश्न युद्धानेच सोडवला होता. देशभर हवाई दलाच्या धावपट्ट्या रिकाम्या पडल्या होत्या. १९४६ मध्ये ‘५०० क्लब’ स्थापन झाला आणि १९४७ च्या जुलैत ग्रॅन्सडेन लॉज नावाच्या अशाच एका धावपट्टीवर ५०० सीसी गाड्यांची शर्यत झाली.

ती जिंकली एरिक ब्रँडनने. त्याची गाडी कूपर होती, आणि तिच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. लंडनजवळ सरबिटनला चार्ल्स कूपर यांचं गॅरेज होतं. त्यांचा मुलगा जॉन आणि त्याचा मित्र ब्रँडन यांनी १९४६ मध्ये भंगारातल्या दोन छोट्या फियाट ५०० गाड्यांचे पुढचे भाग कापले आणि पाठीला पाठ लावून जोडले. त्यामुळे पुढच्या-मागच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आयतं मिळालं. इंजिन जेएपी कंपनीचं, मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या स्पीडवे बाइकचं.

इंजिन बसवायचं कुठे? त्या काळी रेस कारचं इंजिन बहुधा पुढेच असायचं. पण मोटरसायकलचं इंजिन मागच्या चाकाला साखळीने ताकद देतं, आणि साखळी जितकी आखूड तितकी बरी. मग इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या जवळ गेलं. यात मोठा सिद्धांत वगैरे नव्हता. तेच सोपं होतं.

हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. कॉलेजात आमच्या टीमने स्टुडंट फॉर्म्युलाची गाडी बनवली होती. इंजिन चाकणला तयार होणाऱ्या एका बाइकचं, सिंगल सिलिंडर. ते कुठे बसवायचं यावर आमची एकही मीटिंग झाली नाही. साखळी मागे जाते, म्हणून इंजिन मागे. सत्तर वर्षांनी आम्ही जॉन कूपरचाच निर्णय घेतला होता आणि आम्हाला जॉन कूपर कोण ते माहीतही नव्हतं.

त्या सोयीच्या निर्णयाचं पुढे काय झालं पाहा. इंजिन मागे गेल्यावर ड्रायव्हरखालून जाणारा लांब शाफ्ट नको, म्हणून तो खाली बसू शकतो. पुढचं नाक छोटं होतं, वजन दोन ॲक्सलच्या मध्ये एकवटतं, गाडी चटकन वळते. कूपर मंडळींनी हीच रचना मोठी करत करत फॉर्म्युला वनमध्ये नेली. १९५९ आणि १९६० ची जागतिक अजिंक्यपदं जॅक ब्रॅबहॅमने मागे इंजिन असलेल्या कूपरमध्ये जिंकली. काही वर्षांत पुढे इंजिन असलेली फॉर्म्युला वन कार इतिहासजमा झाली. आज जगातल्या सगळ्यात महागड्या रेस कारचं इंजिन जिथे असतं ती जागा लोकांच्या नजरेत भरवली ती गरिबीतल्या गाडीने.

माणसंही तिथूनच आली. स्टर्लिंग मॉसने १९४८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कूपर ५०० घेऊन सुरुवात केली. पुढे फॉर्म्युला वनचा सारा कारभार हाती घेणारा बर्नी एक्लस्टनही तरुणपणी कूपर ५०० चालवायचा. १९५० मध्ये ५०० सीसीच्या वर्गाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि तो ‘फॉर्म्युला ३’ झाला.

इथे गोष्ट संपली असती तर मित्राशी माझं भांडण मिटलं नसतं. पण पुढे जे झालं ते आमच्या शीटच्या थेट कामाचं होतं.

एका इंजिनासाठी अख्खी बाइक

५०० सीसीचा नियम इंजिनाच्या आकाराबद्दल होता, इंजिनाच्या किमतीबद्दल नव्हता. सुरुवातीला सगळ्यांकडे जेएपीसारखी साधी इंजिनं होती, तेव्हा फरक पडला नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की नॉर्टन कंपनीच्या मँक्स या रेसिंग बाइकचं इंजिन याच मापाचं आहे आणि कितीतरी ताकदवान आहे.

अडचण एकच. नॉर्टन ते इंजिन सुटं विकत नसे. मग लोक अख्खी बाइक विकत घेऊ लागले, इंजिन काढून गाडीत घालायचं आणि उरलेला सांगाडा विकून टाकायचा. या उरलेल्या उत्तम फ्रेममध्ये पुढे लोकांनी ट्रायम्फची इंजिनं बसवली आणि ‘ट्रायटन’ नावाच्या बाइक तयार झाल्या. आज कॅफे रेसरचे चाहते ज्यांचे फोटो जमवतात त्या याच. कुणाची तरी चैन, कुणाचं तरी भंगार, त्यातून तिसऱ्याची हौस.

पण ५०० सीसीच्या गाड्यांचं काय? एकाने नॉर्टन आणली की बाकीच्यांना दोनच वाटा उरतात: आपणही आणायची, किंवा मागे राहायचं. मग ते इंजिन दर काही शर्यतींनंतर खोलून नव्याने बांधायचं, त्यासाठी नावाजलेला कारागीर गाठायचा. पन्नासचं दशक सरता सरता ग्रिड रोडावल्या आणि हा वर्ग मावळला. गाडी तीच होती, नियम तेच होते. फक्त ज्यांच्यासाठी नियम केला होता ते लोक बाहेर फेकले गेले होते.

पुढचा प्रयत्न इटलीतून आला. काउंट जोव्हानी लुरानी यांच्या कल्पनेतून १९५८ मध्ये फॉर्म्युला ज्युनियर सुरू झाली. या वेळी नियम जास्त विचार करून लिहिला होता: इंजिन रस्त्यावरच्या गाडीचंच असलं पाहिजे, ११०० सीसीपर्यंत. त्यामागे अपेक्षा अशी की फियाटचं स्वस्त इंजिन घालून इटलीची पोरं रेसिंग शिकतील.

पण ‘रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन’ घेऊन त्याच्या आत काय काय करायचं, यावर पुरेसं बंधन नव्हतं. इंग्लंडमध्ये माइक कॉस्टिन आणि कीथ डकवर्थ यांनी १९५८ मध्ये कॉसवर्थ ही छोटी कंपनी काढली होती. त्यांनी फोर्ड अँग्लियाचं साधंसं इंजिन घेतलं आणि त्याचा असा कायापालट केला की ते लोटसच्या हलक्या गाडीत बसल्यावर इटालियन गाड्या दिसेनाशा झाल्या. अभियांत्रिकी म्हणून काम अप्रतिम. त्याच कॉसवर्थने पुढे फॉर्म्युला वनचं सगळ्यात यशस्वी ठरलेलं इंजिन बनवलं. पण फॉर्म्युला ज्युनियर १९६३ च्या शेवटी बंद झाली. शिकाऊ पोराने घ्यायची गाडी आता शिकाऊ पोराला परवडत नव्हती.

हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याने रेसिंग इंजिन बांधून घेतल्याचं बिल पाहिलेलं नसतं.

मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटलं. सिस्टिममध्ये जी गोष्ट तुम्ही मोकळी सोडता तिचा कुणीतरी टोकापर्यंत वापर करतोच. वापरणाऱ्याला दोष देता येत नाही. डकवर्थने नियम मोडला नव्हता. त्याने तो नीट वाचला होता, एवढंच.

हजार पौंड

१९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रेसिंग शिकवणाऱ्या शाळा निघाल्या होत्या. त्यांची डोकेदुखी वेगळीच. शिकाऊ विद्यार्थी चुकीचा गिअर टाकणार, इंजिन नको इतकं फिरवणार, आणि रेसिंग इंजिन उडालं की खर्च शाळेचा. मोटर रेसिंग स्टेबल्स या शाळेच्या जेफ क्लार्क यांनी महागडी इंजिनं काढून फोर्ड कॉर्टिनाचं साधं इंजिन बसवून पाहिलं. ते मार खाऊनही चालत राहिलं. ब्रँड्स हॅच ट्रॅकचा कारभार पाहणारे जॉन वेब यांनी त्यातली मोठी शक्यता ओळखली. फोर्ड कंपनी सोबत आली आणि २ जुलै १९६७ रोजी ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्डची पहिली शर्यत झाली. लोटस ५१ गाडीतून रे ॲलन जिंकला.

गाडीची किंमत १००० पौंडांच्या आत ठेवायची, असा सुरुवातीचा दंडक होता. महागाईत तो आकडा टिकणं शक्यच नव्हतं. बाकीचे नियम मात्र टिकले, आणि ते नियम म्हणजे नकारांची यादी आहे. इंजिन फोर्डचं १६०० सीसीचं, त्यात फारशी ढवळाढवळ नाही. विंग नाही. रुंद स्लिक टायर नाहीत. सुरुवातीला तर रस्त्यावरचेच टायर. चासी लोखंडी नळ्यांची, म्हणजे आदळली तर वेल्डिंग करणारा कुणीही सरळ करू शकेल अशी.

विंग नसण्याचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. विंग हवेच्या दाबाने गाडीला जमिनीशी चिकटवते, त्यामुळे वळणावर वेग वाढतो. पण पुढची गाडी हवा घुसळून टाकते, त्या घुसळलेल्या हवेत मागच्या गाडीची विंग नीट काम करत नाही, आणि मागचा ड्रायव्हर वळणात जवळ जाऊच शकत नाही. विंगच नसेल तर हा त्रास जवळजवळ उरत नाही. उलट सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या आडोशाने मागच्याला वेग मिळतो. म्हणून फॉर्म्युला फोर्डमध्ये सहा-सहा गाड्या एकमेकींना चिकटून पळतात आणि शेवटच्या वळणापर्यंत कोण जिंकेल ते सांगता येत नाही. वेग कमी, शर्यत जास्त.

त्याच सुमारास अमेरिकेतही अशीच कल्पना रुजली. फ्लोरिडातले फोक्सवॅगनचे विक्रेते ह्युबर्ट ब्रंडेज यांनी बीटल गाडीचे सुटे भाग वापरून एक सिंगल सीटर इटलीत बनवून घेतली. त्यातून आलेल्या फॉर्म्युला व्हीला १९६३ मध्ये तिथल्या एससीसीए या हौशी रेसिंगच्या संस्थेने मान्यता दिली. इंजिन बीटलचं, सस्पेन्शन बीटलचं, चाकं बीटलची. निकी लाउडा सुरुवातीला फॉर्म्युला व्ही चालवत होता. तोच लाउडा पुढे तीनदा जगज्जेता झाला.

फॉर्म्युला फोर्डची यादी तर लांबलचक आहे. ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी १९६९ मध्ये इंग्लंडला आला तो फॉर्म्युला फोर्ड चालवायला. १९७२ मध्ये तो जगज्जेता होता. आयर्टन सेनाने १९८१ मध्ये व्हॅन डीमन कंपनीच्या फॉर्म्युला फोर्डमधून युरोपातली कारकीर्द सुरू केली. पण मला या नावांपेक्षा त्या हजारो बिननावाच्या लोकांचं जास्त कौतुक वाटतं, जे सोमवार ते शुक्रवार नोकरी करून रविवारी शर्यतीत विसावे आले आणि पुढच्या रविवारी पुन्हा आले. ही गाडी त्यांच्यामुळे टिकली. आजही हा वर्ग जिवंत आहे. अमेरिकेत तर मूळ इंजिनं जुनी होत चालल्यावर २०१० मध्ये होंडा फिटच्या इंजिनालाही परवानगी दिली, पण ताकद जुन्या इंजिनाच्या बरोबरीची राहील अशी बंधनं घालूनच. नवं इंजिन जास्त जलद धावू शकलं असतं. त्यांनी ते मुद्दाम होऊ दिलं नाही.

इथवर आलो तेव्हा मला आमच्या शीटची चूक दिसू लागली होती. पण शेवटचा धागा भारतातच सापडला.

कोईम्बतूरचा माणूस

आपल्याकडेही सुरुवात धावपट्ट्यांवरच झाली. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती, तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवत असे. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही शर्यती झाल्या. ग्रिडवर मात्र ज्याला जे जमेल ते: घरच्या फियाटला कापूनछाटून केलेल्या गाड्या आणि त्यांच्याच जगात परदेशातून आणलेल्या रेस कार. विजय मल्ल्या शोलावरमला एन्साइनची जुनी फॉर्म्युला वन कार चालवत. आयातीवरची बंधनं आणि कर बघता बाकीच्यांनी अशा गाडीचं फक्त स्वप्न पाहायचं.

कोईम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातले एस. करिवर्धन स्वतः रेसर होते, त्यांना परदेशी गाड्या परवडतही होत्या. तरी त्यांनी वेगळंच काम हाती घेतलं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली होती. दशक संपता संपता तिचे सुटे भाग गावोगावी मिळू लागले होते. करिवर्धन यांनी तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन घेतलं, एका सिंगल सीटर चासीत ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलं, आणि एकसारख्या गाड्यांची एक मालिकाच उभी केली. फॉर्म्युला मारुती.

जगाच्या मानाने ती गाडी संथ होती. पण ती भारतात तयार होत होती, भारतात दुरुस्त होत होती, आणि ग्रिडवरच्या सगळ्यांकडे तीच होती. शर्यत हरलात तर गाडीला दोष देऊन घरी जायची सोय राहिली नव्हती.

कोईम्बतूरचाच एक मुलगा, नारायण कार्तिकेयन, १९९२ मध्ये फॉर्म्युला मारुतीत उतरला. दोन वर्षांनी तो इंग्लंडमध्ये फॉर्म्युला फोर्ड चालवत होता आणि १९९४ ची तिथली हिवाळी मालिका त्याने जिंकली. म्हणजे ८०० च्या इंजिनावरून तो कॉर्टिनाच्या वारसदाराकडे गेला, आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये. चेन्नईचा करुण चंढोक २००० मध्ये फॉर्म्युला मारुतीत उतरला आणि २०१० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. आजवर भारताचे दोनच ड्रायव्हर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत धावले आहेत. दोघांचीही सुरुवात त्याच संथ गाडीत झाली.

करिवर्धन यांना यातलं फार थोडं पाहायला मिळालं. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. कोईम्बतूरच्या ट्रॅकला नंतर त्यांचं नाव दिलं गेलं: करी मोटर स्पीडवे.

त्या ट्रॅकवर मी गेलो आहे. आमच्या कॉलेजची गाडी घेऊन आम्ही फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी पुण्याहून बाराशे किलोमीटर गेलो होतो, ती स्पर्धा तिथेच होते. एन्ड्युरन्सच्या फेरीत आमची साखळी उतरली. आम्हीच दोन स्प्रॉकेट एका रेषेत नीट बसवली नव्हती. वर्षभराची मेहनत, ट्रॅकच्या कडेला गप्प उभी. त्या दिवशी दुसऱ्या एका कॉलेजच्या पोरांनी आम्हाला मापपट्टी आणि स्पेसर दिले, कारण त्यांचीही गाडी साधारण तशाच इंजिनावर, तशाच साखळीवर होती. फेरी गेली ती गेलीच, पण संध्याकाळी गाडी पुन्हा चालू झाली. येताजाता गेटवरचं ‘करी’ हे नाव मी दहादा वाचलं असेल. मला वाटलं, गावाचं नाव असेल.

फॉर्म्युला मारुतीनंतर त्याच परंपरेत एलजीबी फॉर्म्युला ४ आली. एलजीबी म्हणजे एल. जी. बालकृष्णन अँड ब्रदर्स, कोईम्बतूरचीच कंपनी. ती काय बनवते ते वाचून मला हसू आलं. मोटरसायकलच्या साखळ्या.

शीटचा निकाल

ती रात्र मी शीट पुन्हा उघडून बसलो. आमच्या शीटमध्ये गाडीची किंमत होती, टायर होते, वाहतूक होती, लायसन्सची फी होती. लॅप टाइमही होता. एक रकाना मात्र नव्हता: तुझ्यासोबत आणखी किती जण धावतील?

पहिल्या गाडीसाठी त्याचं उत्तर शून्य होतं. तिच्यासारखी दुसरी गाडी मैदानात नाही. तिच्या गिअरबॉक्सचा एक दात तुटला तर तो बाहेरून मागवायचा आणि सीझन घरी बसून काढायचा. ती घेऊन मी ट्रॅक डेला एकटा फिरलो असतो, फार जलद फिरलो असतो, आणि मी चांगला चालवतो की गाडी चांगली आहे हे मला मरेपर्यंत कळलं नसतं.

ब्रिस्टलवाल्यांनी, जेफ क्लार्क यांनी, करिवर्धन यांनी विकत घ्यायला गाडी दिली असं आपण म्हणतो. खरं तर त्यांनी एक करार दिला: आपण सगळे एवढाच वेग घेऊ, याच्यापुढचा कुणीच नाही. तो करार पाळला गेला तेव्हा गाडी परवडली. ५०० सीसीत आणि ज्युनियरमध्ये तो फुटला तेव्हा आधी मध्यमवर्गीय गेले, मग ग्रिड गेली, मग वर्गच गेला. गाडीचा स्वस्तपणा तिच्या सुट्या भागांत असतोच, पण तो शेजारच्या गाडीवाल्याच्या संयमावरही अवलंबून असतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘परवडणारी’ हा शब्द मी इथे सहज वापरतोय, पण दोन इंजिनिअरांचे पगार एकत्र करून एक सीट येते, तीही एका सीझनची. आमच्या कार्टिंगच्या ट्रॅकवर टायर बदलणारा एक मुलगा आहे, तो सगळं आवरल्यावर रात्री दोन लॅप मारतो आणि माझ्यापेक्षा जलद मारतो. त्याच्यासाठी दोन्ही रकाने सारखेच लांब आहेत. हजार पौंडांचा नियम आपल्याकडे अजून कुणीतरी लिहायचा बाकी आहे.

मी मित्राला फोन केला. नॉर्टनची गोष्ट सांगितली, विंगची सांगितली, साखळीची सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे तू हरलास तर गाडीवर ढकलायचं नाही.”

“नाही.”

“मग ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही एलजीबीच्या सीटचे पैसे भरले. पहिली फेरी कोईम्बतूरला आहे. मित्राने टूलबॉक्समध्ये आत्ताच मापपट्टी आणि स्पेसर टाकून ठेवलेत. आमच्या गाडीला साखळी नाही, हे त्यालाही माहीत आहे. तो म्हणतो, फॉर्म्युला भारतवाली पोरं भेटली तर लागतील.